देव हसवतात, लेणी मात्र गप्प

तेलाच्या शोधात एक भूगर्भतज्ज्ञ लक्सरला येतो, जमीन खणायला घेतो आणि त्याच्यासमोर फॅरोच्या काळातली एक नवरी येऊन उभी राहते. नाईलला पूर यावा म्हणून नदीला मुली अर्पण करत असत अशी दंतकथा आहे. त्या मुलींपैकी ही शेवटची, हमीस. आमच्या कबरी उकरू नकोस, असं तिचं म्हणणं. ती फक्त त्यालाच दिसते. बाकीच्यांना दिसतो तो हवेशी हुज्जत घालणारा एक शिकलासवरलेला माणूस, आणि इथून हशाला जी सुरुवात होते ती शेवटपर्यंत थांबत नाही. ‘अरूस अल-नील’ हा १९६३ सालचा इजिप्शियन चित्रपट. दिग्दर्शक फतीन अब्देल वहाब, भूगर्भतज्ज्ञ रुश्दी अबाझा आणि फॅरोकालीन नवरी लुबना अब्देल अझीझ. अरबी विनोदी चित्रपटांच्या सुवर्णकाळातला हा लाडका नमुना.

इजिप्तच्या पडद्यावर हे जुनं जग एकाएकी अवतरलं नव्हतं. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या देशाला मिरवायला एक भूतकाळ मिळाला. महमूद मुख्तार या शिल्पकाराचा ‘नहदत मिस्र’ हा पुतळा १९२८ मध्ये कैरोत उभा राहिला. त्यात स्फिंक्सशेजारी उभी आहे ती चेहऱ्यावरचा पडदा दूर सारणारी शेतकरी बाई. पुढे इस्माईल यासीनसारख्या विनोदवीराने हॉलिवूडच्या भुताटकी-विनोदाची नक्कल केली, तेव्हा घाबरायला आणि घाबरवायला लागणारं सामान त्याला घरातच मिळालं. ‘अरूस अल-नील’ आला तेव्हा तर आस्वानच्या नव्या धरणापायी अबू सिम्बेलची देवळं कापून उंचावर न्यायची तयारी चालली होती. खोदकाम, प्राचीन वारसा आणि सरकारी प्रकल्प हा रोजच्या वर्तमानपत्राचा विषय होता. विनोद तिथूनच उचलला गेला.

यात एक सोय होती. फॅरोची पूजा कुणी करत नाही. इसिस देवीच्या नावाने कुणी उपास धरत नाही. धर्मकथेत तर फॅरो हा मूसा पैगंबराला छळणारा जुलमी राजा. म्हणजे अभिमान बाळगायला तो हाताशी आहे आणि त्याची टिंगल केली तर दुखावणारा भक्त मात्र शिल्लक नाही. विनोदी लेखकाला याहून सुपीक जमीन मिळणं कठीण.

खान्देशात बसून हे पाहिलं की सहज प्रश्न पडतो: आपल्याकडे काय? जळगाव स्टेशनवर उतरून साठेक किलोमीटर गेलं की अजिंठा. चाळीसगावजवळ पाटणे, जिथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे आणि शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे अश्मयुगीन मणी सापडले. पलीकडे पितळखोऱ्याची लेणी. साक्री तालुक्यात बळसाण्याची जुनी मंदिरं, तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी, प्रकाशे आणि बहाळला ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांची उत्खननं. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी दिसली. नंतर ज्या रॉबर्ट गिलने तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षं रंगवल्या, त्याची कबर भुसावळला आहे. सामान म्हणावं तर इजिप्तच्या तोडीचं नसलं, तरी दोन-चार फक्कड विनोदी चित्रपट निघावेत एवढं नक्कीच आहे.

निघाले नाहीत. मराठी विनोदाने प्राचीन काळ भरपूर वापरला, पण लेण्यांतला नाही. त्याने उचलले ते देव. जे अजून जागे आहेत, ज्यांना नैवेद्य लागतो, ज्यांच्या नावाने यात्रा भरतात, तेच. इजिप्तमध्ये विझलेल्या धर्मावर हसले, इथे धगधगत्या धर्मावर हसले. या उलट्या हिशेबातच मराठी विनोदाची अर्धी ताकद आहे आणि त्याची सगळी पंचाईतही.

मराठी नाटकाचा जन्मच मुळी या मिसळीतून झाला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा रंगमंचावर गणपती, सरस्वती यायचेच, पण सोबत विदूषकही यायचा आणि आरोळ्या ठोकत, तलवारी परजत राक्षसही यायचे. त्या काळच्या पौराणिक नाटकांतला राक्षस ‘अललडुर्र’ करत एवढा धिंगाणा घाली की पोरं घाबरत आणि मोठी माणसं हसत. पुढे १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ आलं. लोक ते संगीतासाठी आठवतात, पण मुळात ती पक्की घरगुती सुखांतिका आहे. बहिणीचं लग्न दादाला एकाशी लावायचंय आणि धाकट्या भावाला दुसऱ्याशी. धाकटा भाऊ उघड भांडत नाही, मित्राला भगवी वस्त्रं नेसवून संन्याशाच्या सोंगात घरात घुसवतो. तो दादा बलराम आहे, धाकटा कृष्ण आहे आणि संन्यासी अर्जुन आहे, हे बाजूला ठेवलं तर ही गोष्ट पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या कुठल्याही वाड्यात घडू शकते. ‘सौभद्र’ पाहताना देवांचा अपमान झाला असं कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही. नंतरच्या पिढ्यांनी तर ते नाटक देवघरात ठेवल्यासारखं जपलं.

सिनेमातही तेच. दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. एकाच तिकिटात देव आणि थट्टा. त्यातही भस्मासुराची कथा घ्या: वर मिळालेला राक्षस देवालाच पळवून लावतो आणि शेवटी एका सुंदरीबरोबर नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. पुराणकारांचाच हा विनोद. फाळक्यांनी फक्त कॅमेरा लावला. प्रभातने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला तेव्हा त्या भक्तिरसातही तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो होताच. त्याच्याविना तो चित्रपट इतका माणसांत आला नसता.

मात्र या सगळ्याचं मूळ पाहायचं तर थिएटर सोडून यात्रेत जायला हवं.

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर माहीत आहे. खान्देशातल्या माणसाला ती तमाशासाठीही माहीत असते. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी, तापीचा काठ, कनातीत दाटीवाटीने बसलेली गर्दी. धोंडू-कोंडू सिंदीकर, भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर ही फडांची नावं इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी घरातल्यांसारखी असतात. प्रयोग सुरू होतो गणाने. गणपतीला हात जोडून झाले की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, डोक्यावर दूध-दही-लोणी, आणि वाट अडवून उभा राहिलेला कृष्ण. हा कृष्ण बहुतेकदा मुकुट-पीतांबरात नसतो; फडातल्या सरदाराच्या नेहमीच्या कपड्यात तो वाट अडवतो आणि दाण, म्हणजे वाटेचा कर मागतो. सोबतीला बोबडा, वाकडा पेंद्या. आणि गौळणींच्या पुढे मावशी. मावशी म्हणजे लुगड्यातला पुरुष, खोल आवाज, फेंगडी चाल, तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

मावशीच्या तोंडी संहिता नसते. कुणी ठरवलं तुला दाण घ्यायला, ठेका कधी झाला, पावती आहे का, असल्या प्रश्नांनी ती देवाला उघडं पाडते. गावात जो वाद ताजा असेल तो तिच्या तोंडून कृष्णाला विचारला जातो. जकात होती तेव्हा जकात, ती जाऊन जीएसटी आला की जीएसटी. खान्देशातल्या फडात यात अहिराणीचा मसाला पडतो आणि पुणेरी मराठीत जे बोचलं असतं ते इथे गुदगुल्या करतं. पेंद्या आणि मावशी मिळून द्वारकेच्या राणाला दहा मिनिटं फुल्ल फजित करतात. पण हेही लक्षात घेण्यासारखं आहे की त्याआधी गण झालेला असतो. देवाला नमस्कार करून, त्याची परवानगी घेऊन मग त्याची खोडी काढली जाते. समोर बसलेला शेतकरी सकाळी त्याच यात्रेत दत्ताला नारळ फोडून आलेला असतो. त्याला दोन्हींत काही विसंगत वाटत नाही.

हीच रीत वहीगायनातही दिसते. डफाच्या ठेक्यावर पुराणातली आख्यानं अहिराणीत सांगणारे हे खान्देशी गायक आख्यान रंगवता रंगवता मध्येच थांबून सासू-सुनेवर, सावकारावर घसरतात. राम-रावण तेच, पण भांडण आपल्या गल्लीतलं. पुराण समजावून सांगण्याची याहून प्रभावी पद्धत खेड्यात दुसरी नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

शहरी लेखकांनी हा साचा साठ वर्षांपूर्वीच उचलला. शाहीर साबळे यांनी १९६० मध्ये ‘यमराज्यात एक रात्र’ केलं. मेलेला माणूस यमाच्या दरबारात पोचतो आणि तिथेही कारभार पृथ्वीसारखाच निघतो, हा त्याचा गाभा. यम हा विनोदाला सगळ्यात सोयीचा देव. त्याच्याकडे हिशेबाची वही ठेवणारा कारकून आहे, वाहन रेडा आहे आणि त्याच्या दारी यायला कुणाची ना नाही. बंगालीत १९५८ सालीच ‘यमालये जिबंत मानुष’मध्ये भानू बंद्योपाध्याय जिवंतपणी यमलोकी जाऊन गोंधळ घालून आले होते. त्याच धर्तीवर तेलुगूत १९७७ चा ‘यमगोला’ आणि हिंदीत १९७९ चा ‘लोक परलोक’ आला. देशभरातल्या प्रेक्षकाने यमाला सरकारी कार्यालयातला साहेब म्हणून कधीच स्वीकारलं होतं. चित्रगुप्ताच्या वहीत चुकीची नोंद होणं हे ज्याने सात-बाराच्या उताऱ्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या जातीचा सर्वात अस्सल मराठी नमुना म्हणजे ‘गाढवाचं लग्न’. हरिभाऊ वडगावकरांचा वग, आणि दादू इंदुरीकरांनी त्यातल्या सावळ्या कुंभाराला दिलेलं रूप. स्वर्गातला एक गंधर्व अप्सरेच्या मागे लागतो, इंद्र त्याला शाप देतो आणि तो पृथ्वीवर गाढव होऊन सावळ्याच्या दारात येतो. बोलणारं गाढव, आणि ते म्हणतं माझं राजकन्येशी लग्न लावून दे. कथा पुराणातली वाटते. विक्रमादित्याच्या बापाची, गंधर्वसेनाची म्हणून ती लोककथेत फिरतेही. पण वगात सगळा खेळ सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांचा आहे. इंद्र शाप देऊन निघून जातो, त्याचे परिणाम निस्तरायचे कुंभाराने. देव आणि राजे यांच्या भांडणात मातीचे गोळे वळणारा माणूस कसा अडकतो, हे सांगताना दादूंनी राजदरबाराची, न्यायाची, लग्नाच्या थाटामाटाची अशी काही वाट लावली की तो वग गावोगाव गाजला आणि संगीत नाटक अकादमीपर्यंत पोचला. २००७ मध्ये मकरंद अनासपुरेंनी याच सावळ्याला पडद्यावर आणलं. चित्रपट चालला, पण एक गोष्ट उघड झाली. कनातीतला सावळ्या समोरच्या पाटलाकडे बोट दाखवून बोलू शकायचा. पडद्यावरच्या सावळ्यापुढे पाटील नव्हताच. विनोद राहिला, खोडी गेली.

कोकणात हेच काम गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून केलं. तिथे महाभारत थेट येत नाही, महाभारताचं नाटक बसवणारं गाव येतं. द्रौपदी उशिरा येते, भीमाला संवाद आठवत नाही, सरपंच मध्येच रंगमंचावर चढतो. मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग करून मालवणी मुंबईभर आणि परदेशातही नेली. हा आडोसा मोठा चतुर आहे: हसायचं ते देवाला नाही, देवाचं सोंग घेणाऱ्याला. ‘जाने भी दो यारों’ने १९८३ मध्ये हिंदीत तोच डाव टाकला. नाट्यगृहात द्रौपदी वस्त्रहरण चालू आहे आणि द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेलं आहे आयुक्तांचं प्रेत. धृतराष्ट्र गोंधळला आहे, भीम भलत्याच बाजूने आहे, शेवटी मुघल दरबारही त्यात घुसतो. भारतीय सिनेमातला हा बहुधा सर्वात उत्तम पौराणिक प्रहसनाचा तुकडा. तो हसवतो, कारण प्रत्येक प्रेक्षकाला मूळ प्रसंग पाठ आहे. फॅरोच्या विनोदाला ही चैन परवडत नाही. तिथे आधी प्रेक्षकाला सांगावं लागतं की हमीस कोण.

देवांच्या बाबतीत एवढा मोकळेपणा असलेला मराठी विनोद इतिहासाशी आला की मात्र अंग चोरतो. ‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा चित्रपट द. मा. मिरासदारांच्या लेखणीतला. त्यात मास्तर झालेल्या दिलीप प्रभावळकरांना भेटतं ते अशोक सराफांनी रंगवलेलं एका मराठा शिपायाचं भूत. रचना ‘अरूस अल-नील’सारखीच: जुन्या काळातलं माणूस, एकालाच दिसणारं, बाकीच्यांना बुचकळ्यात टाकणारं. पण हे भूत कुणा राजाचं नाही, साध्या लढवय्याचं आहे. राजा येतो तेव्हा सूर बदलतो. २००९ च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये सचिन खेडेकरांचा दिनकर भोसले हा बँकेतला कारकून विनोदी आहे, त्याची धांदल विनोदी आहे, पण त्याला दिसणारे महाराज एकदाही विनोदी होत नाहीत. होऊ शकत नाहीत. कृष्णाला मावशीने दहा मिनिटं फजित केलेलं चालतं, महाराजांच्या बाबतीत कुणी तसा विचारही करणार नाही. मराठी मनात देव जितका जवळचा, तितका राजा उंच. हे नीट लक्षात घेतलं तर आपल्या विनोदाचा बराचसा नकाशा उलगडतो.

मग भुतांचा, मंत्रांचा, शापांचा बाजार उरतो. तिथे मराठी सिनेमा निर्धास्त आहे. महेश कोठारेंच्या ‘धडाकेबाज’मध्ये १९९० साली लक्ष्मीकांत बेर्डे बाटलीतून बाहेर पडले. अरबी कथांतला जिन सरळ मराठी बोलू लागला, आणि समोर कवटीच्या मुखवट्यातला कवट्या महाकाळ. ‘झपाटलेला’ १९९३ चा. ममीच्या शापाची जागा मृत्युंजय मंत्राने घेतली आणि तात्या विंचूचा आत्मा रामदास पाध्यांच्या बाहुल्यात शिरला. साहित्य परकं, मसाला इथला. प्राचीनतेचा आभास देणारे हे चित्रपट पोरांनी डोक्यावर घेतले. कुणाची श्रद्धा दुखावण्याचा प्रश्न नव्हता, कारण यात कुणाचाच देव नव्हता.

जरा नाशिककडे सरकलं की मालेगाव. आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत मालेगाव खान्देशातच मोडत होतं, आणि तिथल्या बोलीत खान्देश अजून आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. डाकू घोड्यांवरून नाही, सायकलींवरून येतात. एवढ्या एका बदलात सगळा गब्बर जमिनीवर येतो. मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. यंत्रमागावर काम करणारा काटकुळा शफीक शेख सुपरमॅन झाला. त्याला उडवायला हिरवा पडदा बांधला गेला तो ट्रकला. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये यावर माहितीपट केला, नुकताच त्यावरून रीमा कागतींनी हिंदी चित्रपटही काढला. वर वर पाहता यात प्राचीन काहीच नाही. पण गवळणीचा साचा ओळखणाऱ्याला सगळं ओळखीचं वाटतं. उंचावरचा, सगळ्यांना पाठ असलेला नायक घ्यायचा, त्याला आपल्या गल्लीत उतरवायचा, त्याच्या अंगावर आपल्या गावची धूळ, आपला खोकला, आपली तंबाखू चढवायची. मावशी कृष्णाशी जे करते तेच नासिर शेख यांनी सुपरमॅनशी केलं. ज्या मुस्लिमबहुल गावात पुराणातले देव हाताळणं अवघड, तिथे मुंबईच्या आणि अमेरिकेच्या पडद्यावरचे देव हाताशी आले.

हा मोकळेपणा सगळीकडे टिकला असं मात्र नाही. संतोष पवारांच्या ‘यदाकदाचित’ने १९९९ नंतर कौरव-पांडवांना नाचवलं, तुफान गर्दी खेचली आणि संघटनांचा रोषही ओढवून घेतला. त्यांच्याच ‘आम्ही पाचपुते’च्या प्रयोगावेळी जून २००८ मध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात बॉम्ब फुटला, काही जण जखमी झाले; २०११ मध्ये सत्र न्यायालयाने या प्रकरणात दोघांना शिक्षा सुनावली. नाटक होतं महाभारतावरचं प्रहसन. यातल्या विनोदाच्या दर्जाबद्दल मतभेद असू शकतात. काही विनोद खरोखर स्वस्त होते. तरी शंभर वर्षं ‘सौभद्र’ पाहणाऱ्या समाजात ही वेळ यावी, याचा विचार करावा लागतो.

कारण बहुधा विनोदात कमी आणि जागेत जास्त आहे. यात्रेत गण होतो, देव आधी पुजला जातो, सोंगाड्या गावाला माहीत असतो, कुणाला किती टोचायचं ते त्याला ठाऊक असतं आणि चुकला तर लोक तिथल्या तिथे ओरडून सांगतात. मुंबईच्या नाट्यगृहात किंवा पडद्यावर हे काहीच नसतं. तिथे गण नाही, समोरचा प्रेक्षक अनोळखी आणि बाहेर पडल्यावर त्याच्या हातात वर्तमानपत्र. आता तर मोबाईलवर तीस सेकंदांचा तुकडा फिरतो. गवळणीतला तुकडा गणाशिवाय फिरला की तो गवळण राहत नाही. देवांची थट्टा आपल्याकडे नेहमीच एका रीतीत बसवलेली होती. रीत सुटली आणि थट्टा तेवढी राहिली, की भांडण पेटतं.

मग देवांपासून दूर, भक्त नसलेल्या प्राचीन काळाकडे लेखक का वळले नाहीत? इजिप्शियनांना सापडलेली ती सुपीक जमीन इथे पडीक का राहिली? एक कारण असं की अजिंठा आपल्या मनात सुरुवातीपासून गंभीर आहे. २०१२ मध्ये नितीन देसाईंनी ना. धों. महानोरांच्या काव्यावरून ‘अजिंठा’ केला तो रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्या शोकांत प्रेमाचा. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतही नायक पांडुरंग बहिणीच्या मृत्यूनंतर अजिंठ्याला जातो आणि तिथे हसू थांबतं. गंमत अशी की भविष्यातले संशोधक आपल्या काळाचं उत्खनन करतील तेव्हा काय निष्कर्ष काढतील, याची फर्मास टर त्याच कादंबरीत आहे. उत्खननावरचा मराठीतला सर्वात चांगला विनोद खान्देशी लेखकाचा आहे, १९६३ चा आहे, म्हणजे हमीस लक्सरला अवतरली त्याच वर्षाचा. फक्त तो कागदावर राहिला, सिनेमात आला नाही. दुसरं कारण व्यवहाराचं. अजिंठ्यात चित्रपट काढायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, शुल्क, रंगांना धक्का लागू नये म्हणून प्रकाशावर बंधनं. ती रास्त आहेत, पण मर्यादित पैशांतल्या मराठी विनोदपटाला ती परवडणारी नाहीत. आणि शिवाय अजिंठा हा काही सर्वांसाठी भक्त नसलेला इतिहास नाही. बाबासाहेबांच्या धर्मांतरानंतर बुद्ध महाराष्ट्रात पुन्हा घराघरांत आला आहे. इजिप्तचा फॅरो जसा परका झाला, तसा बुद्ध झालेला नाही.

तरी अजिंठ्याच्या चित्रकारांना हसण्याचं वावडं नव्हतं, हे विसरून चालत नाही. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेली गमतीदार माणसं आहेत, ढेरपोटे बुटके आहेत. आणि सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात जूजक आहे. बोकडासारखी दाढी, विचकलेले दात, आखूडलेली मान. चित्रकाराने हा लोभी म्हातारा ब्राह्मण मुद्दाम कुरूप आणि हास्यास्पद काढला आहे. त्याची गोष्ट तर वगासाठीच रचल्यासारखी. म्हातारपणी तरुण बायको केलेली. पाणवठ्यावर गावातल्या बाया तिला टोमणे मारतात. ती घरी येऊन सांगते, आता मी पाणी भरणार नाही, मला नोकर आणून दे. मग हा म्हातारा दानशूर राजपुत्राकडे जातो आणि त्याची दोन मुलंच मागून आणतो. पुढे मुलांचा आजोबा राजा मोठा मोबदला देऊन ती सोडवतो, जूजकाला राजवाड्यात मेजवानी मिळते आणि अतिखाण्याने तो तिथेच मरतो.

पाणवठा आहे, टोमणे आहेत, बायकोचा हट्ट आहे, राजदरबार आहे, सोंगाड्याला हवा तसा म्हातारा आहे. मावशीसाठी तर पाणवठ्यावरचा एक अख्खा प्रवेश तयार आहे. बुद्धाचा त्यात कुठेही उपमर्द नाही; हसायचं ते लोभाला. सतराव्या लेण्यात जाण्याचीही गरज नाही, ढोलकी, तुणतुणं आणि चार नटांवर सारंगखेड्याच्या कनातीत तो वग उभा राहू शकतो.